आधी रक्त तपासून घे, मग कोर्सचे पैसे भर

पत्र आलंय ते थोडक्यात देते, ओळख कळेल असं काही ठेवलेलं नाही.

"ताई, मी ४१ वर्षांची. गुहागरच्या बाजूला घर आहे, दोन खोल्या पर्यटकांना देते. मिस्टर मुंबईला, सासूबाईंचे गुडघे गेलेत, मुलगा दहावीला, मुलगी सातवीत. २००६ ला सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झाले आणि त्याच वर्षी लग्न झालं. वाडीतल्या बायका दुपारी पडवीत येऊन मला सगळं सांगतात, तुझ्याशी बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. आता मोबाइलवर जाहिरात आली, ४५ दिवसांत सर्टिफाइड थेरपिस्ट, ३०,००० रुपये. करू का? या वयात काउन्सेलर होता येतं का, तुम्ही कशा झालात? पण माघात आई गेली तेव्हापासून रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, पाळीचं काही खरं नाही, कोणी जरा मोठ्याने बोललं तरी रडू येतं. सासूबाई म्हणतात देवळात गाऱ्हाणं घालूया. जी स्वतःच रडते ती दुसऱ्यांना काय सांगणार? कधी वाटतं झोपावं आणि सकाळी उठूच नये. असो. कोर्सचं कळवा. – पडवीतली"

अगं पडवीतली,

कोर्सचं कळवते, पण शेवटी. आधी तुझ्या त्या "असो"वर येते. आपल्या बायकांच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ "असो"च्या आधीची असते हे मला इतक्या वर्षांत चांगलं कळलंय, वाण्याच्या यादीत शेवटी मीठ लिहावं तसं तू ते लिहून टाकलंस. सकाळी उठूच नये असं वाटणं म्हणजे थकवा असू शकतो, आई गेल्याचं दुःख असू शकतं, आणि डिप्रेशनही असू शकतं, मला इथे बसून ते ओळखता येणार नाही. म्हणून सरळच विचारते, असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, ही भीती उगाच आहे. फक्त उठू नये असं वाटतं, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं? कसं, कधी, हेही येतं? यातल्या एकालाही हो म्हणालीस तर हे पत्र इथेच ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. ही सरकारची टेली-मानस लाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, रात्री तीनलाही, मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्री एकटी झोपू नकोस, सासूबाईंच्या खोलीत अंथरूण टाक, मिस्टरांना फोन करून या म्हणून सांग. अजून एक, तुमची आंब्याची कलमं असतील तर फवारणीची औषधं घरातच कुठेतरी पडलेली असणार, ती उचलून भावकीतल्या कोणाच्या तरी कुलुपात ठेवायला दे, कारण काय ते सांगायचं नसेल तर मुलांच्या हाताला लागतात म्हण. वाईट रात्र निघून जाते, पण त्या रात्री हाताशी काय होतं यावर फार काही अवलंबून असतं.

आता रात्री तीनची जाग, धडधड, पाळी. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे, ती मी सहसा कोणाला सांगत नाही. प्रॅक्टिस सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एक बाई यायची, सारखी थकलेली, रडवेली, वजन वाढलेलं, केस गळायचे, नवऱ्याशी रोज खटके. मी नवीनच शिकलेले ना, विचार कसे बदलायचे त्याची वही घालून दिली, सहा वेळा बसवलं, ती बिचारी दोन एस्टी बदलून यायची आणि वही भरून आणायची. सातव्या वेळी आली ती रिपोर्ट घेऊन, नणंदेने तिला डॉक्टरकडे नेलं होतं, थायरॉइड. गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत बाई निम्म्याहून जास्त सावरली. उरलेल्या निम्म्यासाठी माझा उपयोग झाला, नाही असं नाही, नवरा काही थायरॉइडच्या गोळीने सुधारत नाही. पण मी सहा आठवडे तिला तिच्या विचारांत दोष शोधायला लावत होते, आणि दोष गळ्यातल्या ग्रंथीत होता. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला पहिला प्रश्न, शेवटचं रक्त कधी तपासलंस? निम्म्या जणींचं उत्तर असतं, बाळंतपणात.

तर तू या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व याबद्दल विचार, सगळं तिथे होत नसेल तर कुठे होईल ते विचारून घे. रक्त कमी असलं की धाप लागते, धडधडतं, आणि बाई म्हणते माझा जीव घाबरा होतो. ४१ म्हणजे पाळी जाण्याच्या आधीची वर्षंही असू शकतात, आपल्याकडे बऱ्याच जणींची पाळी पंचेचाळीसच्या पुढे-मागेच जाते, आणि त्याच्या आधीची चार-पाच वर्षं हार्मोन वर-खाली होत असतात, त्यात झोप मोडते, घाम फुटतो, धडधड होते, चिडचिड होते. ही सगळी लक्षणं तुझ्या दुःखाच्या लक्षणांसारखीच दिसतात हीच तर पंचाईत आहे. म्हणून दोन्ही बघायचं. रिपोर्ट नॉर्मल आले तर "मग मला काही झालेलंच नाही, मी नाटकं करते" असं स्वतःला म्हणायचं नाही, मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथे जायचं. मला माहितीये, आपल्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की "रत्नागिरीला नेऊन घाला" म्हणतात, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतलं एक तिथे आहे ना, त्यामुळे गावाचं नावच शिवी झालंय. ओपीडीत केसपेपर काढून बोलून परत येता येतं, कोणी कोंडून घालत नाही. गोळ्या दिल्या तर एक सांगते, डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

सासूबाईंना गाऱ्हाणं घालू दे. खरंच सांगते. नारळ ठेवतील, तुझं नाव घेतील, आणि गुडघ्यांनी अधू बाई देवळापर्यंत तुझ्यासाठी चालत जाईल, यात तुझ्याविषयीची काळजीच आहे, ती घे. फक्त पुढे कोणी बाहेरचं आहे म्हणून पैसे मागायला लागला, गोळ्या बंद करा म्हणाला, किंवा भूत उतरवतो म्हणून हात उचलला तर तिथून उठायचं, भूत काढायच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता मी कशी झाले ते. सरळ काहीच नव्हतं गो. बी.ए. झाले, लग्न झालं, एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवलं. तिथे एका वर्षी आठवी-नववीच्या पोरी प्रार्थनेच्या वेळी एकामागोमाग एक चक्कर येऊन पडायला लागल्या, कोणी म्हणे शाळेच्या जागेवर काहीतरी आहे, पालक भटजी घेऊन आले. मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, सकाळी काय खाल्लं? बहुतेक उपाशी. पाणी किती पितेस? पीत नाही बाई, शाळेच्या संडासाला कडी नाही. माझं समुपदेशन तिथे सुरू झालं असं मी मानते, कडी बसवून घेण्यापासून. मग छत्तिसाव्या वर्षी पत्राद्वारे एम.ए. केलं, पहाटे चारला उठून, आणि नंतर ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणीच्या केंद्रात कंत्राटी समुपदेशक लागले. गरोदर बाई आली की तिची तपासणी व्हायची, नवरा मुंबईला, सोबत सासू, आणि दार लोटून पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलायचं. त्या पाच मिनिटांत मी जे शिकले ते एम.ए.च्या दोन वर्षांत नाही शिकले. पगार चार-चार महिने रखडायचा. नंतर स्वतःची खोली घेतली तेव्हा फी म्हणून नारळ आले, आमसुलं आली, एकदा जिवंत कोंबडी आली, ती अंडी घालायला लागली म्हणून ठेवली.

आजकाल होलिस्टिक होलिस्टिक करतात, म्हणजे शरीर, मन, घर सगळं एकत्र बघायचं, त्या नावाखाली कोणी दगड विकतं कोणी मेणबत्त्या. माझं होलिस्टिक एवढंच, समोरच्या बाईला म्हणायचं, काल डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत काय काय केलंस ते क्रमाने सांग. मग सगळं बाहेर येतं, पेज कोणी किती वाजता प्यायली, सगळ्यात शेवटी कोण जेवलं, पैसे कोणाच्या हातात असतात, नवऱ्याचा फोन आल्यावर पोटात गोळा येतो की बरं वाटतं, शेवटचं कधी कोणाशी हसलीस. मासे विकणाऱ्या बाईला जून-जुलैत भेटलं तर आधी मासेमारी बंद आहे हे लक्षात ठेवायचं, तिची झोप उडण्यात बंदीच्या दिवसांतल्या उधारीचा वाटा मोठा असतो, आणि तिला श्वासाचे व्यायाम शिकवून उधारी फिटत नाही. घरात मार असेल तर मनाची गोष्ट मागाहून, आधी १८१ ही महिलांची हेल्पलाइन आणि अशा बायकांना मदत करणारं सरकारी सखी केंद्र. हे सगळं एकटीने करायचं नसतं, डॉक्टर, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, वकील, सगळ्यांचे नंबर माझ्या डायरीत आहेत. तुझा कालचा दिवस लिहून काढ बरं कधीतरी. तू पत्रात चार जणांची कामं लिहिलीस, आणि आईसाठी रडायला वेळ कुठे होता ते कुठेच दिसत नाही. आईच्या बाराव्यालाही तूच वाढलं असशील.

कोर्स. ते ३०,००० जवळच ठेव. ४५ दिवसांत कोणी थेरपिस्ट होत नाही, ४५ दिवसांत हापूस मोहरापासून पेटीत येत नाही. खरा रस्ता लांबचा आहे, मान्यताप्राप्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए., मग कोणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम, म्हणजे आपल्या केसेस त्यांच्यापुढे मांडायच्या आणि बोलणी खायची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर पुढचं वेगळं शिक्षण आणि आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी, आणि औषध लिहायचा हक्क मानसोपचारतज्ज्ञासारख्या डॉक्टरला, आपल्याला नाही. मी जशी घरी बसून एम.ए. केली तसं तुला करता येणार नाही, २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केलीय, तेव्हा "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, नवीन प्रवेश सुरू" अशी जाहिरात दिसली तर दोन हात लांब राहा. म्हणजे कॉलेजात जाऊनच, म्हणजे मुलाची दहावी-बारावी झाल्यावर. तेव्हा तू ४४. मी ३६ ला सुरू केलं तेव्हा सोबत परीक्षेला बसणाऱ्या मुली मला मावशी म्हणायच्या, तुला कदाचित काकू म्हणतील, बिघडतं कुठे.

तोपर्यंत काही करता येत नाही असं मात्र नाही, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. आपल्याच किनाऱ्यावर खाली गोव्यात संगाथ नावाची संस्था १९९६ पासून आहे, त्यांनी साध्या माणसांना, मानसशास्त्राची डिग्री नसलेल्यांना, नीट ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात डिप्रेशनच्या पेशंटशी बोलायला बसवलं, सहा ते आठ बैठकी, आणि पेशंटना खरोखर फरक पडला, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं. त्या बैठकींचा गाभा काय, तर माणूस जे करायचं सोडून बसलाय ते हळूहळू परत करायला लावणं. पण त्यांच्या पाठीशी देखरेख होती, अडलं की विचारायला कोणीतरी होतं. तुझ्या पडवीत तू एकटी आहेस. म्हणून पडवीला वेळ घाल. आठवड्यातून दोन दुपारी, तीन ते साडेचार, बाकी दिवशी "आज नको गो, उद्या ये" म्हणायला शिक. ऐकलेलं विहिरीवर पोचता कामा नये. आणि कोणी तुझ्यासारखं "सकाळी उठूच नये" म्हणाली तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नाही, तिला घेऊन दवाखान्यात जायचं.

जी स्वतः रडते ती काय सांगणार, हे विचारलंस. माझी आई गेली तेव्हा मी दीड महिना खोली बंद ठेवली होती, आणि स्वतः एका काउन्सेलरकडे जात होते, चिपळूणपर्यंत, डोक्यावरून पदर घेऊन, कोणी ओळखू नये म्हणून. इतक्या बायकांना लाज सोडा म्हणणारी मी. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, काल काय जेवलात? आणि मला आठवेना.

गणपती जवळ आलेत, घर भरेल, सगळे चाकरमानी येतील आणि तुझा कामाचा डोंगर होईल, म्हणून रक्त त्याच्या आधी दे. मिस्टर आले की त्यांना रिपोर्ट वाचायला दे, आणि हे पत्रही दाखव वाटलं तर, "असो"च्या आधीच्या ओळीवर बोट ठेवून. यंदा आईशिवायचा पहिला सण आहे तुझा. मोदक जाऊबाईंना वळू देत, कळ्या कमी पडल्या तरी गणपती खातो. आकडे आले की कळव, टीएसएच आणि हिमोग्लोबिन दोन्ही.