गाडीला सिंथेटिक इंजिन ऑइल घालावं की साधं मिनरल चालेल?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असा ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ किंवा घट्ट ते, आणि सोबत एपीआय किंवा एसीईए या संस्थांचं दर्जाचं मानक दिलेलं असतं. ते जुळणं हे सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं) की मिनरल (कच्चं तेल शुद्ध करून काढलेलं) यापेक्षा महत्त्वाचं. ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर प्रश्न जवळपास तिथंच मिटतो, कारण इतकं पातळ ऑइल सहसा सिंथेटिकच मिळतं.

टर्बो इंजिन (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्यानं जास्त हवा आत ढकलणारं) असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही, सिंथेटिकच. टर्बोच्या बेअरिंगपाशी प्रचंड उष्णता असते. तिथं मिनरल ऑइल लवकर जळतं आणि त्याचा कोळशासारखा थर साचतो. सिंथेटिक ही उष्णता जास्त वेळ सोसतं. कडाक्याच्या थंडीतही ते पातळ राहतं, म्हणून स्टार्टर मारल्यावर चटकन वरच्या भागांपर्यंत पोचतं.

जुनं, साधं, बिनटर्बोचं इंजिन आहे, मॅन्युअलमध्ये मिनरल चालतं असं लिहिलंय आणि तुम्ही ऑइल वेळच्या वेळी बदलता? मग खुशाल मिनरल घाला. महागडं सिंथेटिक घालून दोन-दोन वर्षं बोनेट न उघडणाऱ्यांपेक्षा तुमचं इंजिन सुखात राहील.

‘एकदा सिंथेटिक घातलं की परत मिनरल घालता येत नाही’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. तसं काही नसतं. अडचणीत दोन्ही मिसळली तरी इंजिन बिघडत नाही, फक्त सिंथेटिकचा फायदा कमी होतो. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र ऑइल बदलल्याची बिलं जपून ठेवा.