आधी सांधा दाखव

प्रिय,

प्रदर्शनातल्या आपल्या देशाच्या दालनाची, तुझ्या पॅव्हेलियनची, ड्रॉइंग्ज तीनदा पाहिली. एलेव्हेशनवर, म्हणजे समोरून दिसणाऱ्या बाजूच्या चित्रात, कमान, कमानीत जाळी, जाळीत राष्ट्रचिन्ह. आणि खाली तुझा प्रश्न : ‘यात देश दिसतो का?’ चिकटवलाच आहेस, तर दिसणारच! मला सांधा दाखव, दोन भाग जुळतात ती जागा. छत खांबावर कसं टेकतं, पावसाचं पाणी कुठून उतरतं? तिथे तुझी पेन्सिल पोचलेलीच नाही.

१९२९ साली बार्सिलोनाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात वास्तुकार मीस व्हॅन डर रोहेने जर्मनीचं पॅव्हेलियन बांधलं. भिंतीचा ऑनिक्स दगड अ‍ॅटलास पर्वतातला, ट्रॅव्हर्टिन दगड रोमकडचा; दगडसुद्धा घरचा नाही. छत तोलायला क्रोम चढवलेले आठ सडपातळ खांब, त्यामुळे भिंती मोकळ्या सुटल्या. पुढच्याच वर्षी ते उतरवलं, तरी लोक विसरले नाहीत. १९८६ मध्ये त्याच जागी पुन्हा उभं केलं. १९३७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच देशाचा अल्बर्ट श्पेअरने उभारलेला मनोरा, वर गरुड. समोर सोव्हिएत पॅव्हेलियन, माथ्यावर हातोडा आणि विळा उंचावलेली पुतळ्यांची जोडी. दोघेही ओरडून आपापला देश सांगत होते. तुझी कमान त्यांच्याच जातीची आहे. रागावू नकोस, पण आहे.

उलट हॅनोव्हरचं २००० सालचं प्रदर्शन पाहा. स्वित्झर्लंडसाठी वास्तुकार पीटर झुमथॉरने ओल्या लाकडाच्या तुळया नुसत्या एकावर एक रचल्या. खिळा नाही, गोंद नाही. पोलादी सळया आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरत. लाकूड वाळून आकसलं, तरी स्प्रिंगांमुळे पकड सुटत नसे. प्रदर्शन संपल्यावर तुळया सोडवून विकल्या. सांधाच बोलत होता, वर आणखी काय चिकटवायचं?

परंपरा टाकून दे असं म्हणत नाही मी. कमान भार पेलत असेल तर खुशाल काढ.

मीही एकदा लावली होती, प्लास्टरची. समितीला ‘आपलेपणा’ हवा होता, हाताशी दिवस थोडे. मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणी याहून वाईट लावली असती, हे मी आजही म्हणतो. लोकांनी तिच्यापुढे फोटो काढले. उतरवताना मी तिथे होतो. आत नुसती पोकळी आणि बांधायची तार. त्या छताचा सांधा मात्र फार चांगला जमला होता, खरंच. कुणी पाहिला नाही. मीच झाकला होता ना कमानीने.

बुधवारी ये. एलेव्हेशन आणू नकोस. खांब आणि छत भेटतात तिथलं सेक्शन, म्हणजे उभा छेद, आण, १:५ मध्ये, खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं.