पुस्तक वाच, पण टाइमलाइन उघडी ठेवून

प्रिय मित्रा,

व्हिडिओ एडिटिंगचं मार्गदर्शक पुस्तक आणलंस आणि निम्म्या पानांवर मार्करही फिरवून झाला, हे कळलं. मार्करला माझी हरकत नाही. पण सॉफ्टवेअर अजून उघडलेलंच नाहीस, म्हणून लगेच लिहायला बसलो.

असली पुस्तकं मेनूच्या क्रमाने लिहिलेली असतात, आपलं काम त्या क्रमाने चालत नाही. घरच्या एखाद्या प्रसंगाचं दहा-पंधरा मिनिटांचं चित्रीकरण निवड आणि त्यातून दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, एवढंच ठरव. अडेल तिथे पुस्तकाच्या शेवटची सूची उघडून नेमकं तेवढंच पान वाच. पुस्तकासोबत सरावाच्या क्लिप असतील तर एकदा पाहून बाजूला ठेव. त्यांत प्रकाश चांगला, हात स्थिर आणि आवाज स्वच्छ असतो. तुझ्या क्लिपमध्ये मध्येच कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून जाणार, कुणीतरी खोकणार. खरं एडिटिंग तिथेच सुरू होतं.

पुस्तकातलं चित्र आणि तुझा स्क्रीन जुळणार नाही, त्याने गडबडून जाऊ नकोस. बटणं जागा बदलतात, कधी अख्खं सॉफ्टवेअरच जातं. विंडोज मूव्ही मेकर २००० साली आलं, कितीतरी जण त्यावर पहिला कट मारायला शिकले, आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. त्यावरच्या पुस्तकांतलं ‘इथे क्लिक करा’ वाया गेलं. कट कुठे मारावा आणि का, हा भाग मात्र आज आयमूव्हीत, शॉटकटमध्ये किंवा डाविंची रिझॉल्व्हमध्येही तसाच उपयोगी पडतो.

एक प्रकरण मात्र काहीही आयात करण्याआधी, म्हणजे क्लिप सॉफ्टवेअरमध्ये घेण्याआधी, वाच. बहुतेक जण तेच गाळतात, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं: प्रोजेक्ट आणि फाइली. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट फाइलच्या आत तुझा व्हिडिओ नसतोच. अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप इथपासून इथपर्यंत दाखवायची, एवढ्या सूचनाच त्यात असतात. मूळ क्लिपला धक्का लागत नाही, म्हणून बिनधास्त कापाकापी करता येते. पण त्याच कारणाने क्लिप दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलीस, की टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, चित्राऐवजी ‘फाइल सापडत नाही’ असा ठोकळा येतो. तेव्हा आधी एक फोल्डर कर, फोन आणि कॅमेऱ्यातलं सगळं त्यात उतरव, आणि मगच आयात कर. पेन ड्राइव्हवरून थेट आयात तर नकोच.

ट्रान्झिशनचं, म्हणजे एका क्लिपवरून दुसरीवर जाण्याच्या इफेक्टचं, प्रकरण रंगीत असतं आणि नव्याला तेच आधी खुणावतं. फिरणारे चौकोन आणि उडणारे हृदयाचे आकार एकदा मनसोक्त लावून बघ, म्हणजे हौस फिटेल. मग साधा डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत जाऊन दुसरं उमटणं, नीट समजून घे. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध बसवायचा, तर पहिल्या क्लिपचा कटनंतरचा अर्धा सेकंद आणि दुसरीचा कटआधीचा अर्धा सेकंद शिल्लक हवा. या शिलकीला हँडल म्हणतात. क्लिप अगदी टोकापर्यंत वापरली असेल तर ट्रान्झिशन बसत नाही किंवा चित्र गोठतं, आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो. म्हणून शूट करतानाच बोलणं संपल्यावर दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवायची सवय लाव.

आवाजाचं प्रकरण पुस्तकात उशिरा येतं. माझं ऐकशील तर दुसऱ्याच दिवशी वाच. हललेलं चित्र लोक चालवून घेतात, कर्कश आवाज नाही. त्यातला जे-कट आणि एल-कट हातात बसव: पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी सुरू झाला तर जे, मागच्या दृश्याचा आवाज नव्या चित्रावर रेंगाळला तर एल. घरगुती व्हिडिओचा तुटकपणा जेवढा याने जातो, तेवढा कुठल्याच इफेक्टने जात नाही.

फोनच्या चित्रीकरणात पुढे पुढे ओठ आणि आवाज जुळेनासे झाले, तर तुझं काही चुकलं असं समजू नकोस. फोन बरेचदा बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती चित्रं, तो दर) रेकॉर्ड करतात आणि काही सॉफ्टवेअरना ते झेपत नाही. हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून क्लिप स्थिर फ्रेम रेटची करून घे, आणि मगच टाइमलाइनवर टाक.

एक्स्पोर्टच्या, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढण्याच्या, तक्त्यांत शिरू नकोस. एच.२६४, एमपी४, १०८०पी, झालं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा, ८ मेगाबिट प्रतिसेकंद ठेवलास तर मिनिटाला साधारण ६० एमबी होतात, म्हणजे दोन मिनिटांचे १२० च्या आसपास.

व्हिडिओची पहिली आवृत्ती झाली की पाठव, कच्ची असली तरी चालेल. फक्त एक्स्पोर्ट केलेला एमपी४ पाठव. नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवलीस तर माझ्याकडे रिकामे ठोकळेच उघडतील.

तुझा,
एक जुना एडिटर