ऑइलबर्ड आणि रे मासा यांची अंधारातली जाण एकच आहे काय?

प्रश्न : वर्गात ज्ञानेंद्रियांचा पाठ शिकवताना, थॉर्नबॅक रे हा मासा आणि दक्षिण अमेरिकेतील ऑइलबर्ड हा निशाचर पक्षी, दोघेही डोळ्यांवाचून अंधारात वावरू शकतात, असे मी सांगितले. तेव्हा दोघांची क्षमता एकच का, असे मुलांनी विचारले. काय सांगावे?
– एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : एकच नाही. ऑइलबर्ड गुहेत उडताना टकटक असा आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकतो; रे मासा मात्र भक्ष्य शोधताना स्वतः कोणताही संकेत न सोडता, भक्ष्याच्या शरीराभोवतीचे क्षीण विद्युतक्षेत्र तोंडाजवळच्या सूक्ष्म छिद्रांतून टिपतो.

मुलांना पटेल ते प्रयोगांवरून. प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी व्हेनेझुएलातील कारीपेच्या गुहेतले ऑइलबर्ड पकडून त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातले, तेव्हा अंधाऱ्या खोलीत ते भिंतींवर आदळू लागले आणि दिवा लावताच पुन्हा व्यवस्थित उडू लागले. हे 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. थॉर्नबॅक रे हा आपल्या कोकणातल्या पाकटाचा युरोपीय भाऊबंद. (नागपूरच्या रोहू-कटल्याच्या बाजारात त्याची ओळख होणे कठीणच.) संशोधक अॅड्रियानस काल्माइन यांनी 1971 मध्ये मांडलेल्या प्रयोगांत एक जिवंत चपटा मासा अगारच्या, म्हणजे आपल्या चायना ग्रासच्या, कप्प्यात ठेवून वाळूखाली दडवला. तो दिसत नव्हता आणि त्याचा वासही त्या जागी येत नव्हता, तरी रेने नेमकी तीच जागा उकरली. त्यावर वीजरोधक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा पसरताच रे वरून निघून गेला. वाळूत पुरलेल्या इलेक्ट्रोडांतून मंद वीज सोडल्यावर मात्र तेथे मासा नसतानाही त्याने वाळू उकरली.

ऑइलबर्डची तुलना करायचीच तर वटवाघळाशी करावी, तीही जपून. ऑइलबर्डचा आवाज माणसाला ऐकू येण्याइतका खालच्या पट्टीतला असल्याने सुमारे 20 सेंटिमीटरपेक्षा लहान अडथळा प्रतिध्वनीतून त्याला कळत नाही. त्यामुळे गुहेच्या भिंती तो कानांनी टाळतो, पण ताडवर्गीय झाडांची फळे बाहेर डोळे व नाक यांच्या आधारे शोधतो. आपल्याकडे दिसणारा रातवा पक्षी त्याचा दूरचा नातेवाईक असला, तरी तो प्रतिध्वनी वापरत नाही. किडे डोळ्यांनीच टिपतो. रेची विद्युतजाणही फार तर वीत-दोन वीत अंतरावर चालते, म्हणून लांबून तो वासाचाच माग काढत येतो.