मिसफायर? आधी कॉईल अदलाबदल करून बघ

भावा, इंजिन मिसफायर मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही, म्हणून लगेच चार प्लग (ठिणगी पाडणारे) चार कॉईल (प्लगला जास्त व्होल्टेज देणाऱ्या) असा सेट घेऊ नकोस, पैसे वाया जातात बघ. स्कॅनर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लाव, कोड पी०३०२ आला तर दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर मारतोय, मग इंजिन बंद करून दोनची कॉईल तीनवर टाक नि तीनची दोनवर, कोड पुसून एक चक्कर मार. आता पी०३०३ आला की कॉईलच गेली म्हणून समज, कोड दोनवरच राहिला तर प्लगची पण तशीच अदलाबदल करून बघ.

प्लग काढलास की पांढरी चिनीमाती नीट बघ, पेन्सिलीनं ओढल्यागत बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथनंच बाहेर पळतोय. माझ्या गाडीचं तसंच होतं, खानापूरच्या पुढं चोर्ला घाट, धो धो पाऊस, चढाला ॲक्सिलेटर दाबला की धक्के, सपाटीला गाडी एकदम शहाणी! लोडवर स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतंय ना, म्हणून.

प्लगच्या खड्ड्यात ऑईल-पाणी असलं तर आधी ते बघ, नाहीतर नवी कॉईल पण जाईल. प्लगच्या टोकाचा गॅप (ठिणगी पडते ती फट) मॅन्युअलप्रमाणंच ठेव.

आणि डॅशबोर्डवरची चेक इंजिन लाईट लुकलुकत असली तर गाडी दामटू नको रे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाळतंय, तो कॉईलपेक्षा लई महाग.