दीड वर्षाच्या मुलाला तापात झटका आला. पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं? मोठेपणी मिरगी होते का?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘घरचे म्हणतात, झटक्याचं बाहेर कुणाला सांगू नका.’ बाकीच्या प्रश्नाचं उत्तर तुमचे बालरोगतज्ज्ञ माझ्यापेक्षा चांगलं देतील. मी लिहायला बसले ते या एका ओळीसाठी. सांगा. बाळ ज्यांच्या ताब्यात अर्धा तास जरी राहणार असेल, त्या प्रत्येकाला सांगा.

आम्ही सोलापूरचे, घर उत्तर कसब्यात. माझ्या मुलीला पहिला झटका आला तेव्हा तिला दोन वर्षं पूर्ण व्हायची होती, आणि दिवस होता गड्ड्याच्या जत्रेतला, अक्षतांचा. बाहेरगावच्यांसाठी सांगते, जानेवारीत, भोगीच्या दिवशी, संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात. सातही नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात आणि आमच्याकडचे रस्ते पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी भरून जातात. घरोघरी पाहुणे असतात. आमच्याकडे बार्शीहून आत्तेसासूबाई आल्या होत्या, चुलत सासूबाई होत्या, त्यांच्या सुना, पोरंसोरं, सगळी.

मुलीचं नाक सकाळपासून वाहत होतं. अंग थोडं कोमट लागत होतं, एवढंच. थंडी म्हणून कुणीतरी तिला स्वेटर, वरून कानटोपी घातलेली. मी तीळ लावलेल्या भाकऱ्या टोपल्यात रचत होते, तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला.

ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन लागत नाही. डोळे वर गेलेले, नुसतं पांढरं दिसत होतं. मुठी आवळलेल्या, हातपाय एका लयीत झटकत होते, ओठ निळे पडले होते. हाक मारली तरी ऐकू जात नव्हतं. त्या क्षणी आईला एकच वाटतं, पोर हातची गेली.

आणि मग माणसं तुटून पडली. आत्तेसासूबाईंनी उंबऱ्याजवळचं पायताण उचललं आणि तिच्या नाकाला लावलं. एकीनं कांदा फोडून आणला. कुणी तोंडात पाणी घालायला निघालं. चुलत सासूबाईंनी दातखीळ उघडायला चमचा घातला आणि जोर लावून फिरवला. हिरडी फाटली, रक्त आलं. लाळेत मिसळलेलं रक्त हनुवटीवरून स्वेटरवर उतरलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं आतून काही फुटलं. रडारड सुरू झाली.

शेजारच्या अक्का त्या आवाजानं आल्या. त्या घरी विड्या वळतात, मांडीवरचं सूप तसंच बाजूला सारून आल्या होत्या, बोटांना तंबाखू लागलेली. बोटं पदराला पुसली, पहिल्यांदा तो चमचा ओढून काढला. मुलीला कुशीवर वळवलं, कानटोपी काढली, स्वेटरची बटणं सोडली. म्हणाल्या, “कुणी धरू नगा तिला. घाबरू नगा, श्वास घेऊलालीय पोरगी.” मग मला म्हणाल्या, “घड्याळाकडं बघ.” त्यांच्या मुलाला लहानपणी असंच होत होतं, आणि ते साऱ्या वाड्याला ठाऊक होतं, कारण त्यांनी कधी लपवलं नव्हतं. दोन-अडीच मिनिटांत झटके थांबले. माझी मुलगी त्या दिवशी गुदमरली नाही याचं श्रेय मी अक्कांना देते, घरातल्या एकालाही नाही.

रस्ते बंद, रिक्षा मिळेना. नवऱ्यानं गल्लीबोळातून गाडी काढली, मी मागे तिला घेऊन, आणि सासूबाई पुढच्या चौकापासून दिरांच्या गाडीवर. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते रक्ताचं. चमच्याचं ऐकून ते इतके चिडले की नर्सनं वर बघितलं. तपासलं, ताप 102 होता, मान कडक नव्हती, तोवर मुलगी रडायला लागली होती आणि मला ओळखत होती. म्हणाले, हा तापातला साधा झटका आहे. आणि मग त्यांनी विचारलं, “घरात कुणाला लहानपणी तापात असं झालं होतं का? आईला, वडिलांना, काका-आत्यांना?”

माझ्या माहेरी कुणाला नव्हतं. नवऱ्यानं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “नाही. आमच्यात कुणाला नाही असलं.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्यानंतरचे महिने माझे कसे गेले ते मला माहीत. रात्री तिच्या कपाळावर हात ठेवून झोपायचं, उशाशी थर्मामीटर. तिनं झोपेत नुसता पाय हलवला तरी मी उठून बसत होते. हिला मिरगी होणार, शाळेत पडणार, हेच डोक्यात. मन मानेना म्हणून पुण्याला नेऊन ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढून आणला. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं की साध्या झटक्यानंतर याची गरज नसते. रिपोर्ट चांगला आला तरी भीती गेली नाही. घरात मात्र एकच पाठ चालू, बाहेर बोलू नको, मुलीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी कुणीतरी हेच उकरून काढेल.

पुढं बार्शीला वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत कुणाच्या तरी बाळाला ताप असल्याचा विषय निघाला, तशा आत्तेसासूबाई माझ्या नवऱ्याकडे हात करून सहज म्हणाल्या, “ह्याला तर दर तापाला व्हायचं गं. पाचेक वर्षांचा होईस्तोवर. आम्ही पायताण उशालाच ठेवायचो.” सासूबाई ताटात बघत राहिल्या. नवरा माझ्याकडे बघत राहिला, त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी पायताणाला हात घालताना आत्तेसासूबाई क्षणभरही का थांबल्या नव्हत्या.

आता विचार करा. आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी असे झटके आले असतील तर मुलाला येण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टरांना माहीत असतं, म्हणून ते विचारतात. पण माझं नुकसान त्याहून मोठं झालं. मोठेपणी काय होतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर रोज माझ्यासमोर ताटावर बसून जेवत होतं. धडधाकट माणूस, शिकला, नोकरी करतो, पाचव्या वर्षानंतर एकदाही झटका नाही. मला कुणी ही एक गोष्ट सांगितली असती तर मी रात्री झोपले असते. पुण्याची वारी टळली असती. घराण्याचं नाव राखायला म्हणून लपवलं, आणि त्याची किंमत सुनेनं आणि नातीनं मोजली. सासूबाईंशी माझा हा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्या हे वाचणार असतील तरी मी यातला एक शब्द बदलणार नाही.

त्यांची बाजूही सांगते, म्हणजे अन्याय नको. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या एका मावसबहिणीचं ठरलेलं लग्न फिटांवरून मोडलं होतं. ती भीती खरी आहे. पण तापातला झटका आणि मिरगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मिरगी असली तरी लाज कसली? तिला औषध आहे.

बालवाडीत घालताना परत तोच वाद. मी ऐकलं नाही. कागदावर लिहून दिलं, ताप आला तर मला फोन करा, झटका आला तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेला तर माझी वाट न बघता 108 ला फोन लावा. बाईंनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पुढच्याच आठवड्यात वर्गातल्या दुसऱ्या एका आईनं मला फाटकापाशी गाठलं, आवाज बारीक करून म्हणाली, आमच्या ह्यालाही होतं, पण घरातले सांगू देत नाहीत. म्हणजे त्या बाईंना एका मुलाचं माहीत आणि दुसऱ्याचं नाही. त्या दुसऱ्याला वर्गात झटका आला असता तर पुन्हा कांदा आणि चमचाच. एखादी शाळा हे ऐकून प्रवेश नाकारत असेल, तर अशा शाळेत मूल ठेवण्यात शहाणपण नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. साधारण 6 महिने ते 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना हे होतं, शंभरातल्या 2 ते 5 मुलांना, म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत एखादं मूल असणारच. एकदा आला की पुन्हा येईल का? साधारण तिघांतल्या एकाला येतो, पहिला झटका जितक्या लहान वयात तितकी शक्यता जास्त. मिरगीचं म्हणाल, तर साध्या झटक्यानंतर ती शंभरात एक-दोघांनाच होते, हे प्रमाण एरवीच्या मुलांपेक्षा किंचितच जास्त आहे.

‘येऊ नये म्हणून काय करावं’ याला खात्रीचा उपाय नाही, हे स्वीकारा. तापाचं औषध वेळेवर दिल्यानं मुलाला बरं वाटतं, पण त्यानं झटका टळतोच असं नाही. बऱ्याचदा झटका आधी येतो आणि ताप असल्याचं नंतर कळतं. म्हणून झटका आला तर ‘तू औषध द्यायला उशीर केलास’ असं आईला कुणी बोलत असेल, तर त्याला तिथंच गप्प करा. कोमट पाण्यानं पुसलं तर चालेल. बर्फ नको, थंड पाणी नको. आणि ताप असताना स्वेटर-कानटोपीत गुंडाळून ठेवू नका.

औषधाबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅमचंही मिळतं आणि 250 चंही, दिसायला बाटल्या सारख्याच. थेंबांची बाटली तर 1 मिलिमध्ये 100 ची, म्हणजे आणखी कडक. डॉक्टरांनी मिलिमध्ये लिहून दिलेलं प्रमाण दुसऱ्या ताकदीच्या बाटलीतून देऊ नका. प्रमाण वजनावर असतं, वयावर नाही. दर वेळी मुलाचं वजन करून विचारून घ्या.

झटका वारंवार येणाऱ्या काही मुलांना डॉक्टर तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम देतात, त्यानं मूल गुंगतं, चालताना झोके खातं. लांबलेला झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवाराही लिहून देतात. आमच्या घरात तो आहे, फ्रिजवरच्या डब्यात, आणि डबा कुठं आहे हे सासूबाईंनाही दाखवून ठेवलंय. ही दोन्ही औषधं माझं वाचून आणू नका. तुमच्या मुलाला लागतात का हे त्याचे डॉक्टर ठरवतील.

आणखी काही, जे मी वरच लिहायला हवं होतं. पहिला झटका असेल तर तो थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. पाच मिनिटांपेक्षा लांबला, चोवीस तासांत दुसरा आला, अंगाची एकच बाजू झटकत असेल, झटक्यानंतर तासाभरानंही मूल नीट शुद्धीवर आलं नाही, मान कडक वाटली, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल 6 महिन्यांच्या आतलं असेल, तर थेट मोठ्या दवाखान्यात. मेंदूज्वर नाही ना, हे तिथं बघावं लागतं. माझी गोष्ट साध्या झटक्याची आहे, ती सगळ्यांना लावू नका. शक्य असेल तर कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, डॉक्टरांना आपल्या सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. लसीनंतर ताप येऊन एखाद्या मुलाला झटका येऊ शकतो. तेवढ्यावरून डोस बंद करू नका. गोवराचा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी वाईट. पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना आधीच्या झटक्याचं सांगा, म्हणजे झालं.

आणि आज घरी एक काम करा. सासूबाईंना, आईला, जुन्या आत्या-मावश्यांना विचारा. फिट येत होती का असं विचारलंत तर सगळ्या नाही म्हणतील. लहानपणी ताप आला की कुणाला कांदा नाहीतर पायताण हुंगवावं लागायचं का, असं विचारा. जे नाव निघेल ते कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या हातात द्या.