सेव्हन सीटर, रिकामी खोली आणि टूरचा धंदा

इंग्लंडातल्या रेडिंगहून एका ताईंनी विचारलंय:

"मिस्टर आयटीत आहेत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. मी डिपेंडंट. लग्नाआधी पुण्यात ट्रॅव्हलच्या ऑफिसात काम केलंय. इथे घरी बसून जीव कंटाळतो. आमची सात सीटची गाडी आहे, वरची एक खोली रिकामीच असते. भारतातून येणाऱ्या मराठी पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं, घरी ठेवायचं, आपल्या पद्धतीचं जेवण द्यायचं, लंडन फिरवायचं, जमलं तर तीन दिवसांची स्कॉटलंड सहलही करायची, असं मनात आहे. शनिवार-रविवार गाडी मिस्टर चालवतील. ओळखीतले लोक आत्ताच विचारायला लागलेत. सुरुवात कुठून करू?"

ताई, तुमच्या पत्रात एक नाही, पाच धंदे आहेत: गाडी, खोली, जेवण, लंडन आणि स्कॉटलंड. त्यातल्या चारांना इथे वेगवेगळे कायदे लागतात. लंडन चालत फिरवणं हा पाचवा, आणि तो त्यामानाने मोकळा. माझं मत आधीच सांगते: त्या एकाने सुरू करा, बाकीचे चार तूर्त बाजूला ठेवा. का ते बघू.

आधी मिस्टरांचं. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाला स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, शनिवार-रविवारीसुद्धा नाही. बायकोच्या धंद्यात "नुसती मदत" म्हणून गाडी चालवणं हेही कामच, पैसे मिळोत न मिळोत. सगळ्या घराचा व्हिसा ज्यांच्या नोकरीवर उभा आहे त्यांना यात ओढू नका. तुम्हाला मात्र डिपेंडंट म्हणून नोकरीही करता येते आणि स्वतःचा व्यवसायही. तुमच्या ई-व्हिसावर कामाबद्दल काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा. व्यवसाय तुमच्या नावावर, तुमच्या खात्यावर, तुमच्या फोनवर असू द्या.

आता गाडी. सगळ्यांची पहिली उडी तिथेच पडते. पैसे घेऊन माणसं न्यायची म्हटलं की आठ प्रवासी सीटपर्यंतची गाडी 'प्रायव्हेट हायर'मध्ये येते. त्याला परवाने तीन: चालकाचा, गाडीचा आणि बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरचा. लंडनमध्ये ते टीएफएल, म्हणजे शहराचं वाहतूक खातं, देतं, बाहेर आपापली कौन्सिल (स्थानिक पालिका), आणि तिन्ही एकाच ठिकाणचे असावे लागतात. नऊ किंवा जास्त सीट झाल्या की मिनीबस. मग वेगळं लायसन्स, वेगळा ऑपरेटर परवाना, वेगळा खर्च. "आम्ही फक्त पेट्रोलचे पैसे घेतो" हे वाक्य मी इथल्या बऱ्याच घरांत ऐकलंय. मित्रांनी मिळून खर्च वाटून घेणं निराळं आणि व्हॉट्सॲपवर जाहिरात करून माणसं नेणं निराळं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या गाडीचा खाजगी विमा लागू होत नाही. एम-फोर मोटरवेवर तुमच्याच गाडीने पुढच्याला ठोकलं, तर गाडीतल्या काकांच्या मोडलेल्या हाताचा खर्च कोण देणार? पोलिसांच्या लेखी तर ती विनाविम्याचीच गाडी.

विमानतळावरून आणण्याबद्दल म्हणाल, तर रेडिंग स्टेशनवरून हीथ्रोला रेलएअरची बस आहे. ती कुठे सुटते, बॅगा कुठे ठेवायच्या, हे मराठीत नीट लिहून पाहुण्यांना आधी पाठवा. गाडी लागलीच तर परवानाधारक ऑपरेटरचा नंबर द्या आणि बुकिंग त्यांचं त्यांनाच करू द्या.

खोलीचं थोडक्यात. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी, कर्जाचं असेल तर बँक आणि घराचा विमा, दोघांनाही कळवायला हवं. पैसे देणारा पाहुणा आला की आगीच्या धोक्याची लेखी पाहणीही करावी लागते. स्वतः राहत असलेल्या घरातली सामान लावलेली खोली दिली तर 'रेंट अ रूम' योजनेत वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, हा फायदा आहे. पण खोली आणि टूर एकाच किमतीत बांधून विकलीत की प्रकरण वेगळंच होतं. तोच मुद्दा स्कॉटलंडचा.

२०१८च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांनुसार प्रवास, मुक्काम, भाड्याची गाडी आणि इतर पर्यटन सेवा यांतल्या दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकाच सहलीसाठी एकत्र विकल्या, आणि सहल २४ तासांपेक्षा मोठी किंवा रात्रीच्या मुक्कामाची असली, की ते पॅकेज. पॅकेज विकणारा 'ऑर्गनायझर' ठरतो. हॉटेलने घोळ घातला तरी उत्तर तुम्ही द्यायचं, आणि तुमचा धंदा बुडाला तर लोकांचे पैसे परत मिळतील याची सोय आधीच करून ठेवायची: बाँड, विमा किंवा ट्रस्ट खातं. त्यात विमानाचं तिकीट आलं की वर ॲटॉल, म्हणजे विमानासकट सहली विकायचा परवाना. म्हणजे कोच, एडिनबराला दोन रात्री आणि लॉख नेसची बोट असं तीनशे-चारशे पौंडांत कुणाला विकलंत, की मोठ्या टूर कंपन्यांना लागणारा कायदा तुम्हालाही लागला. छोट्यांना वेगळी सूट नाही. सूट आहे ती क्वचित, नफा न घेता आणि ठरावीक लोकांसाठीच काढलेल्या सहलींना. महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सहल बहुतेक त्यात बसते. "मंडळवाले करतात, मग मी का नाही" याचं उत्तर एवढंच.

स्कॉटलंड हवंच असेल तर कायदेशीर टूर कंपनीच्या सहली कमिशनवर विका. पैसे कमी, पण झोप शांत.

जेवणाचं मात्र जरा सविस्तर, कारण तुमच्या हाताला चव असणार आणि त्यामुळेच तुम्ही आधी तिथे घसरणार. विकायला अन्न बनवायचं तर घरचं स्वयंपाकघरसुद्धा कौन्सिलकडे 'फूड बिझनेस' म्हणून नोंदवावं लागतं, सुरू करायच्या निदान २८ दिवस आधी. नोंदणी फुकट आहे आणि ती नाकारता येत नाही. नंतर तपासनीस घरी येतात. खरी मेख ॲलर्जीची. ज्या १४ गोष्टी असल्याचं गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं, त्यांत मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, दूध आहे, गहू आहे. आता आपला साधा डबा डोळ्यांसमोर आणा. भाजीला फोडणी मोहरीची, कोशिंबिरीत दाण्याचं कूट, वर तिळाची चटणी, पोळी गव्हाची, आणि वरणातल्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ. आधीच भरून ठेवलेल्या डब्यावर तर पदार्थातले सगळे घटक लिहून त्यांतले या चौदांपैकी असतील ते ठळक करायचे. हे सगळं करणाऱ्या बायका इथे आहेत आणि उत्तम करतात. तुम्ही त्यांच्यातल्याच एकीचं नाव पाहुण्यांना सांगा.

राहिलं लंडन. दिवसाभराची, मुक्कामाशिवायची पायी सहल पॅकेजमध्ये येत नाही. रस्त्यावर माहिती सांगायला या देशात सरसकट परवानाही लागत नाही. मात्र वेस्टमिन्स्टर ॲबी किंवा सेंट पॉल्ससारख्या ठिकाणी आत जाऊन गटाला माहिती सांगायची तर ब्लू बॅजसारखी गाइडची मान्यता हवी. तो अभ्यासक्रम मोठा आणि खर्चाचा. पुढेमागे जरूर करा, तोवर आतली माहिती तिथल्याच ऑडिओ गाइडवर सोडा. ट्रॅफलगर स्क्वेअरवर उभं राहून इंग्रजीत इतिहास सांगणारे शेकड्यांनी आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करायचं तुम्हाला कारण नाही.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. पुण्याहून दहा दिवसांच्या युरोप टूरवर येणारे तुमचे नव्हेत. त्यांना त्यांची कंपनी बसमधून उतरवते आणि बसमध्ये भरते. तुमचे म्हणजे मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-चार-सहा महिने राहायला आलेले आईवडील. सोमवार ते शुक्रवार मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि हे दोघं स्लाउच्या नाहीतर हॅरोच्या घरात खिडकीशी. शनिवारी मुलं दमलेली असतात, तरी बिग बेन दाखवून आणतात. नंतर काय? बुकिंग करणार आणि पैसे देणार मुलगी, चालणार आई. जाहिरात मुलीला उद्देशून लिहा, सहल आईच्या गुडघ्यांना बघून आखा. वार मंगळवार ते गुरुवार, गाडी सकाळी साडेनऊनंतरची, म्हणजे गर्दीही कमी आणि तिकीटही स्वस्त.

नमुन्याला एक सहल सांगते. एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टन; या लाइनवर सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे. तिथून चालत कालव्याकाठचं लिटल व्हेनिस. जवळच हाउली प्लेसवर दहा नंबरचं घर. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक लंडनला आले तेव्हा, १९१८-१९ मध्ये, ते इथे राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. खटला हरले, हेही सांगा, लोकांना ठाऊक नसतं. मग कालव्यातून कॅम्डेनपर्यंत पाऊण तासाची बोट. बोटीत उतरायला पायऱ्या असतात, आधी विचारून घ्या. कॅम्डेनहून रमतगमत प्रिमरोझ हिलकडे, किंग हेन्रीज रोडवर पुन्हा दहाच नंबर: विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. उघडं असण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा. ही दोन्ही घरं राहत्या वस्तीतली आहेत. आंबेडकर हाउसला संग्रहालय म्हणून परवानगी मिळवताना कौन्सिलशी वाद झाला होता, तो ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांपर्यंत जाऊन २०२० मध्ये मिटला. तेव्हा सहा-आठ माणसांपुढे जाऊ नका आणि शेजाऱ्यांच्या दारात घोषणा नकोत. हायगेटचं इंडिया हाउस, जिथे सावरकर राहिले, ती वेगळ्या दिवशीची सहल. वाघनखांबद्दल तर प्रत्येक जण विचारणारच. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमने २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला पाठवली. तिथे नेण्याआधी परत आली का ते बघा, नाहीतर काका रिकाम्या काचेपुढे तुमचं बौद्धिक घेतील.

स्वच्छतागृहं कुठे, बाकं कुठे, कुठल्या स्टेशनात सरकता जिना आहे आणि कुठे नुसत्या पायऱ्या, याची वही करा. कोव्हेंट गार्डनला लिफ्ट बंद पडली की १९३ पायऱ्या. हे ज्याला पाठ असतं, त्याच्याकडे लोक आपली आई सोपवतात.

पैशाचं स्पष्ट बोला. मराठी माणूस "आपल्यातलंच आहे हो" म्हणत निम्म्यावर आणतो आणि आपण लाजेने हो म्हणतो. दर माणशी छापून टाका, समजा तीस पौंड, तिकिटं ज्याची त्याने काढायची. सहा जण आले तर १८० पौंड. त्यातून तुमचा प्रवास, विमा आणि तयारीचा दिवस वजा करा, आणि परवडतंय का ते स्वतःच बघा. रद्द केलं तर काय, पाऊस आला तर काय, कुणाला बरं वाटेनासं झालं तर काय, हे बुकिंगच्या वेळीच लेखी द्या. पब्लिक लायबिलिटी विमा पहिल्या सहलीआधी.

आणि पैसे सासूबाईंच्या पुण्याच्या खात्यावर जीपेने घेऊ नका, सल्ला कुणीही देवो. काम इथे केलंत म्हणजे उत्पन्न इथलं, पैसा कुठेही जमा होवो. वर्षाला व्यवसायाची आवक १,००० पौंडांच्या वर गेली की ज्या करवर्षात गेली ते ५ एप्रिलला संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत एचएमआरसीकडे (इथल्या करखात्याकडे) स्वयंरोजगाराची नोंद करायची. व्हॅटची मर्यादा ९०,००० पौंड. ती अजून लांब आहे. पण पुढे इतरांच्या सेवा विकत घेऊन विकायला लागलात, तर टूरवाल्यांसाठी 'टॉम्स' नावाची वेगळी पद्धत आहे, ज्यात व्हॅट तुमच्या नफ्याच्या फरकावर बसतो. ती माहीत असलेलाच अकाउंटंट गाठा.

एक धोका तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगते. लोक म्हणतील, "आईच्या व्हिसाचं पण बघा ना, वर पन्नास पौंड देतो." घेऊ नका. व्यवसाय म्हणून इमिग्रेशनचा सल्ला देणं नोंदणीशिवाय गुन्हा आहे, आणि पैसे घेतले नाहीत तरी सुटका नाही. सरकारी वेबसाइटची लिंक पाठवा आणि थांबा.

आईवडील बहुतेक मार्चनंतर यायला लागतात. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो आणि हंगाम शाळेच्या सुट्टीपर्यंत टिकतो. त्यांची तिकिटं मुलं जानेवारी-फेब्रुवारीतच काढतात. म्हणून पत्रकं गुढीपाडव्याच्या कार्यक्रमापर्यंत थांबवू नका, मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच वाटा.